स्वावलंबनाचें यश आणि त्याचें ऋण



ग्रंथ लिहिणें निराळें आणि पदरमोड करून तो छापणें निराळें, हें मराठी ग्रंथकाराला सांगावयास नको. लेखनास बुद्धि पुरते. प्रकाशनास कागद, छापखाना, विक्रेता आणि सावकार इतक्यांची मनधरणी करावी लागते. गाण्याच्या व्यवसायांतही हाच न्याय आहे. या न्यायाला न जुमानतां अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील सिअ‍ॅटल नगरांत दोघा तरुणांनीं २०१२ सालीं एक अल्बम स्वतःच्या बळावर काढला. त्या अल्बमची आणि त्याच्या स्वागताची हकीकत बोधप्रद आहे.

प्रथम या कलेविषयीं दोन शब्द. हिपहॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत १९७३ सालीं झाला असें मानतात. जमेकांतून आलेला कूल हर्क हा तरुण एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तिच्यांतील केवळ तालाचा तुकडा पुनःपुन्हां वाजवी. त्या तालावर यमकें जुळवून बोलणें म्हणजे रॅप. आपला शाहीर पोवाड्यांत मध्येंच बोलून कथा पुढें नेतो, त्याची येथें आठवण व्हावी. मात्र दोहोंचें कूळ एक नव्हे. रॅपचें कूळ अमेरिकेंतील गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांचें आहे, आणि ही गोष्ट पुढील कथेंत महत्त्वाची आहे.

मॅकलमोर या नांवानें गाणारा बेन हॅगर्टी १९८३ सालीं जन्मला, तो गौरवर्णीय. २००५ सालीं त्यानें पहिला अल्बम स्वतःच प्रसिद्ध केला. पुढें व्यसनानें त्याला ग्रासलें, आणि २००८ सालीं उपचार घेऊन तो सावरला. रायन लुईस हा त्याचा साथीदार. संगीत रचणें, मुद्रण करणें आणि गाण्यांचीं चलच्चित्रें तयार करणें, या कामांचा भार मुख्यत्वें त्यानें उचलला. दोघांचा 'द हाइस्ट' हा अल्बम ९ ऑक्टोबर २०१२ रोजीं निघाला. नांवाचा अर्थ धाडसी दरोडा. त्यांतील एका गाण्यांत नायक बड्या कंपनीच्या कचेरींत शिरतो आणि पुढें आलेला करार नाकारतो.

करार नाकारण्यांत विशेष तें काय? कंपनी कलावंतास आगाऊ रक्कम देते, ती त्याच्याच उत्पन्नांतून वसूल करते, आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा आपल्याकडे ठेवते. गाणें कलावंताचें, परंतु सातबारा कंपनीच्या नांवाचा, असा हा व्यवहार. या जोडीनें मालकी सोडली नाहीं. पहिल्याच आठवड्यांत सुमारें ७८,००० प्रती खपून अल्बम अमेरिकेच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर आला. जुन्या कपड्यांच्या दुकानाची थट्टामस्करीनें तारीफ करणारें 'थ्रिफ्ट शॉप' हें गाणें २०१३ सालीं पहिल्या क्रमांकावर चढलें आणि एकूण सहा आठवडे तेथें राहिलें.

तथापि हें सारें एकट्याच्या मनगटावर झालें असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. दुकानांपर्यंत माल नेण्याचें काम वॉर्नर या बड्या समूहाच्या एका शाखेनें केलें. आणि नभोवाणी-केंद्रांवर गाणें पोहोंचविण्यासाठीं त्याच समूहाच्या प्रचारखात्याची मदत मोबदला देऊन घेण्यांत आली. बैल भाड्यानें आणले म्हणून शेत परक्याचें होत नाहीं हें खरें. परंतु आपण एकट्यानें नांगरलें, असेंही मग म्हणतां येत नाहीं.

अल्बमचा आशय पाहिला तर केवळ थट्टेवर तो उभा नाहीं. एका गाण्यांत महागड्या बुटांच्या मोहांत सांपडलेला बालक आहे. पायांत घालावयाच्या वस्तूला माणूस आपली किंमत कशी बहाल करतो, हें त्यांत दाखविलें आहे. दुसऱ्या एका गाण्यांत व्यसनमुक्तीचा आदर्श म्हणून लोक ज्याकडे पाहतात तोच पुन्हां घसरतो, आणि तें लपवून न ठेवतां नव्यानें आरंभ करतो. 'सेम लव्ह' हें गाणें समलिंगी विवाहाच्या बाजूचें. वॉशिंग्टन राज्यांत त्या प्रश्नावर मतदान व्हावयाचें होतें, त्याच वर्षीं तें निघालें. नोव्हेंबर २०१२ मध्यें मतदारांनीं कायद्यास संमति दिली.

खरा वाद उपस्थित झाला तो मानसन्मानाच्या वेळीं. २६ जानेवारी २०१४ रोजीं ग्रॅमी पारितोषिकांच्या समारंभांत या जोडीला चार पारितोषिकें मिळालीं. सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचें पारितोषिक त्यांतच होतें. कॅलिफोर्नियांतील कॉम्प्टन गांवचा कृष्णवर्णीय कवि-गायक केंड्रिक लामार याच्या अल्बमला जाणकारांनीं अधिक मोठें मानलें होतें. सात नामनिर्देशनें असूनही त्याच्या हातीं कांहींच लागलें नाहीं. मॅकलमोरनें त्याला निरोप धाडला कीं, हा मान तुझाच होता. येथवर ठीक होतें. परंतु तो खासगी निरोप त्यानें स्वतःच जगासमोर मांडला. तेव्हां पुष्कळांना तो विनय न वाटतां विनयाचें प्रदर्शन वाटलें.

यांतील मर्म नीट समजून घेतलें पाहिजे. कंपनीचा दरवाजा टाळतां येतो. समाजाचा दरवाजा टाळतां येत नाहीं. जीं केंद्रें आणि जीं घरें कृष्णवर्णीय गायकाला सहज दार उघडत नाहींत, तीं गौरवर्णीयाचें तेंच बोलणें कौतुकानें ऐकतात. मॅकलमोरला याची जाणीव नव्हती असें नाहीं. २००५ च्या अल्बममध्येंच त्यानें गोऱ्यांच्या या सवलतीवर गाणें रचलें होतें, आणि २०१६ सालीं पुन्हां त्याच विषयाकडे तो वळला. परंतु जाणीव असणें आणि लाभ न होणें या दोन गोष्टी भिन्न आहेत.

काळानें लामारचें देणें बऱ्याच अंशीं फेडलें. २०१६ सालीं त्याला रॅप अल्बमचें ग्रॅमी लाभलें, आणि २०१८ सालीं संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. अभिजात व जाझ संगीताच्या बाहेर तें प्रथमच गेलें.

म्हणून 'द हाइस्ट'चें यश खोटें ठरतें काय? मुळींच नाहीं. भांडवलदाराच्या पायांशीं कलेची मालकी न वाहतांही लाखों श्रोत्यांपर्यंत जातां येतें, हें या दोघांनीं सिद्ध केलें, आणि त्याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. परंतु ज्या वस्तींत ही भाषा घडली, तिचें ऋण कोणत्याही मालकीपत्रावर नोंदलेलें नसतें. कंपनीचें कर्ज पै-पैनें फेडतां येतें. हें दुसरें ऋण मान्य करणें आणि आपल्या यशांत त्याला जागा देणें, एवढेंच कलावंताच्या हातीं असतें. स्वावलंबी माणसाची खरी परीक्षा तेथेंच होते.