पिसं, पंखे आणि अडकित्ते

२००९ साली आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड २’ या व्हिडिओ गेममध्ये नायक एत्सिओचा आजारी धाकटा भाऊ पेत्रुच्चो त्याच्याकडे पक्ष्यांची पिसं मागतो. पुढं वडील आणि दोन भाऊ फासावर जातात, आईची वाचा बसते. खेळणारा फ्लॉरेन्स, व्हेनिसच्या छपरांवरून हिंडत १०० पिसं जमवतो, आईच्या खोलीतल्या पेटीत ठेवतो, आणि शेवटचं पीस पडल्यावर ती माउली बोलते. बक्षिसाची केप मिळते, पण ती घालताच शहरभरचे पहारेकरी मागं लागतात. पिसाचा स्वतःचा उपयोग काहीच नाही. तरी ते कुटुंब खरं वाटतं, ते त्या पिसांमुळंच.

खेळाबाहेरही असंच. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, वज्री, दौती, दिवे असं घराघरांतलं सामान आयुष्यभर गोळा केलं. संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. पुढं हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यात २०,०००हून अधिक वस्तू आहेत. त्या अडकित्त्यांनी आता कुणी सुपारी कातरत नाही, पण ते पाहताना पान जमवून गप्पा मारणारी माणसं दिसू लागतात.

पुन्हा खेळांकडं वळू. ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये बादल्या, ताटल्या उचलून घरी नेता येतात. कशाला, असं गेम विचारत नाही. २०१५च्या ‘फॉलआउट ४’नं मात्र असल्या भंगाराला कामाला लावलं. टेबलावरचा पंखा दिसला, की खेळणारा त्यातले स्क्रू मोजतो; तो कुणाच्या टेबलावर होता, हे मनातही येत नाही. सोय झाली, पण घर हरवलं.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. भाऊ शोधायला निघालेली मुलगी वाटेत भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबते आणि देवादिकांच्या कथा ऐकते. थांबलं नाही तरी लढाई अडत नाही. थांबावं मात्र जरूर.

त्या गेममधले महाल राजस्थानी वळणाचे आहेत. उद्या जालन्याच्या एखाद्या पोरानं गेममध्ये आपल्या जिल्ह्यातलं अंबड गाव रचलं, तर तिथल्या मत्स्योदरी देवीच्या मंदिराच्या पायऱ्यांवर तलवारी हव्यातच असं नाही. नवरात्रातल्या यात्रेत पडलेली काचेची बांगडी, मोसंबीची साल, गावातल्या दत्तजयंतीच्या मैफलीनंतर उरलेली तंबोऱ्याची तुटकी तार, एवढं त्यानं आधी ठेवावं. आणि ते उचलल्याचे गुण मुळीच देऊ नयेत.