अरबी आणि भोजपुरी : एक फायलीतली, एक साइटवरची

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात अरबी आणि भोजपुरी हा विषय कुठून आला, असं कार्यक्रमपत्रिका वाचून काहींना वाटलं असेल. आम्ही राज्य सरकारच्या बांधकामांवर देखरेख करणारे तिघे डिप्लोमावाले. भाषाशास्त्र शिकलेलो नाही. पण या हैदराबादेत नोकरी करताना या दोन्ही भाषा रोज कानावर पडतात. भोजपुरी साइटवर, गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांच्या तोंडी. अरबी मात्र कचेरीत. तुम्ही म्हणाल, अरबी तर बारकसमध्ये. खरं आहे, निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज तिथे आजही राहतात, आणि वस्तीचं नावही फौजेच्या बराकींवरूनच पडलं. पण आम्ही म्हणतो ती अरबी आपण सगळे नकळत बोलतो.

जिल्हा, तहसील, महसूल, दाखला, अर्ज, वकील, तारीख, बाकी, हे सगळे शब्द मूळचे अरबी. फारसीच्या हाताला धरून ते इथे आले. शेतकऱ्याचे खरीप आणि रब्बीसुद्धा अरबीच. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. निजामाच्या राज्यात तहसीलदार होता, मुंबई इलाख्यात मामलेदार. कोणता शब्द अस्सल मराठी यावर आमच्या कचेरीत एकदा वाद रंगला होता. दोन्ही अरबीतून आलेले, असं कळल्यावर दोन्ही पक्ष गप्प बसले.

अरबीची बांधणी आम्हा बांधकामवाल्यांना फार आवडली. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या पायावर उभे राहतात. क-त-ब हा लिहिण्याचा पाया. त्यावर किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतूब म्हणजे लिहिलेलं. ह-क-म घ्या, की हुकूम, हाकीम, हुकूमत, महकमा अशी सगळी सरकारी इमारत तयार. हासील, महसूल आणि तहसील हीसुद्धा एकाच पायावरची भावंडं. पाया तोच, मजले वेगळे. आमच्या पेशाला अरबीत ‘मुहंदिस’ म्हणतात. तो शब्द मात्र फारसी ‘अंदाज’वरून अरबीत गेला, म्हणजे अंदाजपत्रक करणारा तो इंजिनियर, हे अरबांना आधीच ठाऊक होतं!

भोजपुरी अशी चौकटीत बसत नाही. ती संस्कृत-प्राकृताच्या घरातली, म्हणजे आपल्या नात्यातली. हिंदीवाला म्हणतो ‘गया’, ‘आया’. भोजपुरीवाला म्हणतो ‘गइल’, ‘आइल’. आपण म्हणतो ‘गेला’, ‘आला’. भूतकाळातला हा ‘ल’ आपला आणि त्यांचा सामाईक. एकट्यासाठी ते ‘हम’ म्हणतात. (आम्हीही इथे ‘आम्ही’ म्हणतो आहोत, पण आम्ही खरोखर तिघे आहोत.) समोरच्याला मान द्यायचा तर ‘रउआ’. अरबीत ‘तू’ बदलतो तो समोर पुरुष आहे की बाई त्यावर. पुरुषाला ‘अंत’, बाईला ‘अंति’. ठरावीक वस्तू दाखवायची तर अरबी शब्दाच्या पुढे ‘अल’ लावते, अल-किताब. भोजपुरी शेपूट जोडते, कितबिया. मोजताना भोजपुरीत ‘दू गो’, ‘तीन गो’ म्हटलं की भागतं. अरबीत दोन वस्तूंना द्विवचन, तीन ते दहापर्यंत अनेकवचन, आणि अकरापासून पुन्हा एकवचन. हे ऐकून आमच्यातल्या एकाने अरबी शिकायचा बेत तिथेच सोडला.

आता मुद्द्याचं सांगतो. अरबी ही वीसाहून जास्त देशांची राजभाषा, 1973 पासून संयुक्त राष्ट्रांचीही अधिकृत भाषा. पण वर्तमानपत्रात आणि भाषणात जी ‘फुस्हा’ चालते, ती कुठल्याही घरात मूल आईकडून शिकत नाही. घरात असते ‘आम्मिया’, म्हणजे आपल्या आमसभेतला ‘आम’, आम लोकांची बोली. ती कैरोत वेगळी, बगदादेत वेगळी, आणि मोरोक्कोच्या माणसाची बोली इराकच्या माणसाला कळताना मारामार. तरी कागदावर सगळ्यांची भाषा एकच, अरबी.

भोजपुरीचं उलटं. 2011 च्या जनगणनेत पाच कोटींहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली, आणि तो आकडा हिंदीच्या बेरजेत गेला. तिची शेजारीण मैथिली 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली. भोजपुरी अजून बाहेर उभी आहे. आपल्या मोडीसारखी कैथी लिपी तिला होती, जमिनीचे जुने कागद त्या लिपीत आहेत. भिखारी ठाकुरांनी ‘बिदेसिया’ लिहिलं ते भोजपुरीतच, घर सोडून कमवायला गेलेल्या माणसाबद्दल. मॉरिशसमधली भोजपुरी लग्नगीतांची परंपरा, गीत-गवई, 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. समुद्रापलीकडे मान आहे, घरच्या कागदावर रकाना नाही.

आमच्या साइटवर सिवानकडचा एक गवंडी होता, आखातात काही वर्षं राहून आलेला. काम संपलं की ‘खलास’, आणि कामाला ‘शुगल’ म्हणायचा. हैदराबादेत शगल म्हणजे विरंगुळा, त्यामुळे “शुगल बहुत है” म्हटलं की स्थानिक मुकादम चिडायचा. मजुरांच्या नोंदणीचा फॉर्म भरताना आम्ही त्याला मातृभाषा विचारली. तो म्हणाला, हिंदी. घरी काय बोलता? “घरे त भोजपुरिए बोलेनी जा. बाकिर फारम में हिंदिए लिखाला.”

त्याच साइटवर शुद्ध हिंदीत सूचनांचा फलक होता, ‘कृपया सावधानी बरतें’ वगैरे. तो कोणी वाचत नसे. एका सकाळी परांचीचा बांबू सैल झालेला त्याने पाहिला आणि खालून ओरडला, “ए, मचान प मत चढ़िहऽ, बाँस ढील बा!” वर निघालेले चौघे जागच्या जागी थांबले. त्या दिवसापासून कामाआधीच्या सूचना त्याने भोजपुरीत द्यायच्या, असं आम्ही ठरवलं. त्यासाठी कुठली मंजुरी लागली नाही.

आपल्याकडे पुण्याचे पाहुणे आले, की आजी ‘जेवायले’ म्हणते तेव्हा नातवंडं तिला हळूच गप्प करतात. मराठवाड्याहून आलेल्या आपल्या घरांतली ही बोली. ती चुकीची आहे असं त्या मुलांना कोणी सांगितलं, हे आम्हाला अजून समजलेलं नाही. छापील मराठी यायलाच हवी, ती आपली फुस्हा आहे. पण आजीला गप्प करून ती येणार नाही.

त्या गवंड्याने फॉर्मवर अंगठा न लावता सही केली. मग आम्हाला विचारलं, “रउआ लोग घरे का बोलेनी?” आम्ही म्हटलं, मराठी. “आ फारम में?” मराठीच. त्याने मान डोलावली, फॉर्म परत मागितला, आणि ‘हिंदी’च्या पुढे कंसात ‘भोजपुरी’ लिहिलं.