‘अंडर प्रोटेस्ट’ : सहीजवळचे दोन शब्द

(करंजाडे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



मला इंग्रजीवर बोलायला सांगितले आहे. व्याकरणाचे पाठ तुम्हाला शाळेत मिळतातच. मी आज दोनच शब्द घेणार आहे. ते तुमच्या आजोबांच्या तोंडीही असतील. पनवेल-उरणच्या पट्ट्यात इंग्रजीचा गंध नसलेला शेतकरीसुद्धा सहज म्हणतो, ‘पैसे घेतले, पण अंडर प्रोटेस्ट.’

हे शब्द आपल्या ओसरीवर आले कसे? १९७० साली नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील गावांच्या जमिनी संपादन करण्याच्या अधिसूचना निघाल्या. त्याच वर्षी सिडको स्थापन झाली. भातशेती, मिठागरे, वरकस जमीन असे सारेच त्यात आले. सरकार भाव ठरवी आणि नोटीस येई. पैसे न घ्यावे तर घर चालत नाही. मुकाट्याने घ्यावे तर भाव मान्य केला असे होते. या कात्रीतून सुटण्याची वाट १८९४ च्या भूसंपादन कायद्यातच होती. रक्कम अपुरी आहे अशी हरकत राखून ती घेता येत असे. हरकत न राखता घेतली, तर कलम १८ खाली कोर्टाकडे प्रकरण पाठवा असा अर्ज करण्याचा हक्क राहत नसे.

आता विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. एका वर्गात मी या शब्दांचे वाक्य करायला सांगितले, तेव्हा एका हुशार मुलाने लिहिले, ‘द फार्मर्स सॅट अंडर प्रोटेस्ट इन फ्रंट ऑफ द ऑफिस.’ शब्द सगळे बरोबर, वाक्य चुकीचे. धरणे धरणे हाच निषेध असतो. तिथे ‘इन प्रोटेस्ट’ हवे. ‘द शॉपकीपर्स क्लोज्ड देअर शॉप्स इन प्रोटेस्ट.’ दुकान बंद करणे हीच त्यांची नापसंती. ‘अंडर प्रोटेस्ट’मध्ये नेमके उलट घडते. सांगितलेले काम आपण करतो, पण मान्य नाही असे बजावून करतो. ‘ही पेड द फाइन अंडर प्रोटेस्ट.’ दंड भरला, पण गुन्हा कबूल केला नाही. विजेचे बिल चुकीचे वाटते, तरी वीज तुटू नये म्हणून भरले, तर लिहावे, ‘वुई हॅव पेड द बिल अंडर प्रोटेस्ट.’ आणि ‘ही डाइड अंडर प्रोटेस्ट’ असे कधीही लिहू नका!

१९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण भागात लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, ते ‘इन प्रोटेस्ट’. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील होते. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. करंजाड्यात आज उभ्या असलेल्या कित्येक इमारती अशाच भूखंडांवरच्या आहेत. कोणी घरी बसून पावतीवर दोन शब्द लिहिले, ते ‘अंडर प्रोटेस्ट’. रस्त्यावरच्या निषेधाइतका त्याचा आवाज होत नाही, पण कोर्टात कागदच बोलतो.

‘तो कायदा तर गेला,’ असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. १ जानेवारी २०१४ पासून भूसंपादनाचा २०१३ चा नवा कायदा आला. परंतु हे शब्द त्यातही राहिले आहेत. कलम ७७ म्हणते, हरकत न राखता रक्कम घेणाऱ्याला कलम ६४ चा अर्ज करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली, जुन्या कायद्याखालच्या एका प्रकरणात, उदार भूमिका घेतली होती. ज्याने कोर्टाकडे जाण्याचा अर्ज केला आहे, त्याचा निषेध त्या अर्जातूनच दिसतो, असे ते म्हणाले. तरी दोन शब्दांची आळस करून मग निकालाच्या आधारावर कशाला राहावे?

पूर्ण वाक्य असे : ‘आय हॅव रिसीव्ह्ड द कॉम्पेन्सेशन अंडर प्रोटेस्ट अॅज टु द सफिशियन्सी ऑफ द अमाउंट.’ सफिशियन्सी म्हणजे पुरेसेपणा. इंग्रजी येत नसेल तर ‘रक्कम अपुरी असल्याची हरकत राखून स्वीकारली’ असे स्वच्छ मराठीत लिहावे, अर्थ तोच. मात्र ते सही करतानाच, सहीजवळ लिहावे. घरी परतल्यावर मनात धरलेला निषेध कोणाला दिसत नाही.

सहीच्या वर काय छापले आहे तेही वाचा. तिथे ‘कन्सेंट’, म्हणजे रकमेला संमती, असेल तर खाली ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही. ‘अवॉर्ड’ या शब्दालाही फसू नका. वडिलांना अवॉर्ड झाला म्हणून मुलगा शाळेत बक्षिसाची बातमी सांगेल. भूसंपादनात तो निवाडा असतो. ‘पर्सन इंटरेस्टेड’ म्हणजे आवड असणारा नव्हे, हितसंबंध असणारा. यात बहिणीही येतात. भाऊ अक्षर ओळखून सही करतात आणि बहिणीचा अंगठा मात्र काही न सांगता उठवून घेतात, हे आपल्या घरांत घडते. तिचा हिस्सा तिचा आहे. तिच्या अंगठ्याजवळही ते शब्द लिहिले गेले पाहिजेत, आणि का लिहिले ते तिला वाचून दाखवले पाहिजे.

आणखी एक गैरसमज. दोन शब्द लिहिले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. ते शब्द फक्त दार उघडे ठेवतात. आत जायला लेखी अर्ज लागतो. निवाड्याच्या वेळी आपण हजर असू तर निवाड्यापासून सहा आठवडे. नसू तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून पुढे वर्षभरात अर्ज घेण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यांना आहे, पण ती मुभा आहे, हक्क नव्हे. म्हणून नोटिशीवर ती हाती आल्याची तारीख त्याच दिवशी पेनाने लिहून ठेवा. हे काम आठवीतल्या मुलीलाही जमेल.

विद्यार्थ्यांना आता एकेक कोरा कागद मिळेल. आपल्या वडिलांच्या, आणि आईच्याही नावाने पावती लिहा आणि सही कुठे येईल तिथे फुली करा. नंतर मी फिरून प्रत्येकाचा ‘अंडर’ तपासणार आहे.