गोळी घेतल्यानंतर काय होतं?

(युवक-युवतींच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी मला विचारलं, मुलींचं सत्र वेगळं घेऊ या का? मी म्हटलं, मुलग्यांनाही बसू द्या. रात्री अकराला रिक्षा शोधायला तेच धावणार आहेत, तर कशासाठी धावतोय हे त्यांना कळलेलं बरं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या गावी माझा दवाखाना आहे. गर्भपातासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी लग्न झालेल्या, पदरात एक-दोन मुलं असलेल्या असतात. धाकटं अजून अंगावर पीत असतं आणि पुन्हा दिवस जातात. हे आधी सांगितलं, कारण 'गर्भपात' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र उभं राहतं आणि मग पुढचं कोणी ऐकत नाही.

एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले जवळपास तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. म्हणजे कोणीतरी मेडिकलमधून पाकीट आणून दिलं आणि बाईने घरात गुपचूप घेतलं. गोळ्या चांगल्या आहेत, वेळेत आणि नीट घेतल्या तर अतिशय सुरक्षित आहेत. पण पुढे काय होणार, हे त्या बाईला कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे जे व्हायलाच हवं ते झालं की ती घाबरते, आणि ज्याला घाबरायला हवं ते अंगावर काढते.

माझ्याकडे एकदा एका बाईला रिक्षात आडवी घालून आणलं. दोन दिवस तिच्या अंगावरून जात होतं. गोधडी भिजली होती, हिमोग्लोबिन ५ वर आलं होतं. सोबतची नणंद मला म्हणाली, "पिशवी साफ होतेय, मध्येच थांबवू नये असं म्हणतात ना?" नणंद वाईट नव्हती, रात्रभर उशाशी बसली होती. किती रक्त म्हणजे जास्त, एवढंच तिला माहीत नव्हतं. त्या बाईला तीन महिने उलटून गेले होते, आणि घरी घ्यायच्या गोळ्या तेवढ्या दिवसांसाठी नसतातच. रक्त चढवलं, पिशवी रिकामी केली, ती वाचली. तेव्हापासून मी हे सगळं तासातासाचं सांगत सुटते.

आधी कायदा, थोडक्यात. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ साली झाला. बाई १८ वर्षांची असेल तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची नाही, अब्बांची नाही. काही दवाखाने नवऱ्याची सही मागतात, पण कायदा ती मागत नाही. २०२१च्या दुरुस्तीत 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' हे शब्द जाऊन 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले, आणि २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी १८च्या आतली असेल तर पालकाची संमती लागते. डॉक्टरला पोलिसांना कळवावंही लागतं, पण त्या अहवालात मुलीची ओळख उघड करण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा वेगळा आहे, १९९४ सालचा. आपल्या राज्यात लोक हे दोन्ही कायदे एकात एक घालतात. मेडिकलवालेही धास्तावून या गोळ्या ठेवत नाहीत. वास्तविक गोळ्यांची मुदत ९ आठवड्यांची, आणि तोवर मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत कळतच नाही.

ही ९ आठवड्यांची मोजणी कुठून करायची? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंध आला त्या दिवसापासून नव्हे आणि पाळी चुकली तिथपासूनही नव्हे. बहुतेक घोळ इथेच होतो. पाळी चुकून आठवडा झाला, म्हणजे हिशेबाने पाच आठवडे झालेले असतात.

गोळी देण्याआधी डॉक्टर काही गोष्टी बघतात. दिवस किती गेलेत, हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, तांबी बसवलेली आहे का, रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टिरॉइड चालू आहे का. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गर्भ पिशवीतच आहे ना. कधीकधी तो नळीत अडकतो. तिथे या गोळ्यांचा काही उपयोग होत नाही, आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. गोळी घेऊनही अंगावरून काहीच गेलं नाही, तर सांगायला या असं आम्ही बजावतो, त्याचं एक कारण हे आहे.

आता प्रत्यक्ष गोळ्या. पहिल्या दिवशी एकच, मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅम. पाण्याबरोबर गिळायची. गर्भ टिकवून धरणाऱ्या संप्रेरकाचं काम ती अडवते. त्या दिवशी बहुतेकींना काहीच जाणवत नाही. थोडी मळमळ, क्वचित डाग. बाई शाळेत शिकवायला जाते, भाकऱ्या थापते. तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरला कळवायचं. काहीच झालं नाही म्हणून काम झालं नाही असं समजू नका, आणि एका गोळीवर थांबूही नका.

दुसरं औषध एक-दोन दिवसांनी. मिसोप्रोस्टॉल, २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या. मुळात हे पोटातल्या अल्सरचं औषध, पण त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. या गोळ्या गालात किंवा जिभेखाली अर्धा तास धरायच्या किंवा योनीत ठेवायच्या, कसं ते डॉक्टर सांगतात. दवाखान्यात बसून घ्यायच्या की घरी, हेही बाईची तब्येत आणि घर बघून ठरतं.

घर बघून म्हणजे काय? मी विचारते, घरात माणसं किती? संडास घरात आहे की सामायिक? रात्री सोबत कोण असेल? जवळचं रुग्णालय किती लांब? दोन खोल्यांत अकरा माणसं असतील, तर हा दिवस माहेरी किंवा मैत्रिणीकडे काढावा, नाहीतर सरळ दवाखान्यात येऊन बसावं. दुसऱ्या दिवशी घरात दावत आहे किंवा मुलाची परीक्षा आहे, असा दिवस निवडू नये.

गोळ्या ठेवल्यावर साधारण एक ते चार तासांत कळा सुरू होतात. कोणी तुम्हाला "थोडंसं दुखेल" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. काहींना पाळीइतकंच दुखतं, पण बऱ्याच जणींना पाळीपेक्षा चांगलंच जास्त दुखतं. आयबुप्रोफेन डॉक्टरकडून आधीच लिहून घ्यावी आणि कळा असह्य होण्याची वाट न बघता घ्यावी. नुसत्या पॅरासिटामॉलने फारसा फरक पडत नाही. गरम पाण्याची पिशवी बरी वाटते. थंडी वाजते, अंग तापतं, जुलाब होतात, उलटी होते. हे त्या गोळ्यांमुळेच होतं आणि काही तासांत, फार तर दिवसभरात ओसरतं. पातळ खिचडी, चहा, पाणी चालू ठेवावं. पोट रिकामं ठेवून काही मिळत नाही.

मग रक्त. पाळीपेक्षा जास्त, आणि गाठी पडतात. लिंबाएवढी गाठ पडली तरी घाबरू नका. हे काही तास जोरात चालतं. गर्भ बाहेर पडला की कळा आणि रक्त दोन्ही उतरतात. बहुतेकींचं हे त्याच दिवशी होऊन जातं.

काय दिसतं, हे विचारायला बायका संकोचतात, म्हणून मीच सांगते. सात आठवड्यांचा गर्भ सेंटिमीटरभराचा असतो. गाठींमध्ये तो बहुधा वेगळा ओळखूही येत नाही. पांढुरकं, सायीसारखं काही दिसू शकतं. नऊ आठवड्यांच्या जवळ असेल तर थोडं अधिक दिसू शकतं. आधी माहीत असलं तर बाई त्या क्षणी न्हाणीघरात एकटी हादरत नाही.

पुढे साधारण आठ ते तेरा दिवस रक्त कमी कमी होत जातं. काहींना डाग आणखी लांबतात. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. पुढची पाळी चार ते सहा आठवड्यांत येते.

आता मुलग्यांनो, इकडे लक्ष द्या. दोन मोठे पॅड एका तासात पूर्ण भिजले, आणि असं सलग दोन तास झालं, तर निघायचं. सकाळची वाट बघायची नाही. उभं राहिल्यावर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी निघायचं. वाहन नसेल तर १०८ला फोन करायचा. पहिला दिवस उलटल्यावरही ताप १००.४च्या वर राहिला, घाण वास येणारं पाणी जायला लागलं, गोळी घेऊनही पोटदुखी थांबेना, तर दवाखाना गाठायचा. आणि चोवीस तासांत रक्तच गेलं नाही, तर तेही कळवायचं.

पॅडचं हे माप कापड वापरणाऱ्या बाईच्या कामाचं नाही. म्हणून मी सांगते, या एका आठवड्यापुरतं मोठ्या पॅडचं पाकीट आणून ठेव. मला फोनवर मोजता आलं पाहिजे.

दवाखान्यात गेल्यावर गोळ्या घेतल्याचं खुशाल सांगा. उपचार आपोआप झालेल्या गर्भपाताला जे करतात तेच असतात, पण काय घेतलं आणि कधी घेतलं हे कळलं तर डॉक्टरचा वेळ वाचतो.

पंधराव्या दिवशी तपासणीला यायचं, आणि इथेच बायका दांडी मारतात. शंभरातल्या ९५हून अधिक जणींचं काम गोळ्यांनीच पूर्ण होतं. उरलेल्यांचं अर्धवट राहतं किंवा क्वचित गर्भ वाढत राहतो. तो तसाच वाढू देणं बरोबर नाही, कारण मिसोप्रोस्टॉलने बाळात व्यंग येऊ शकतं. अशा वेळी पिशवी रिकामी करावी लागते, काही मिनिटांचं काम असतं. घरी लघवीची टेस्ट करून बघू नका, ती चार आठवड्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते आणि उगाच झोप उडवते. दुसरी गोष्ट, पाळी यायच्या आधीच, अगदी दोन आठवड्यांच्या आत पुन्हा दिवस जाऊ शकतात. तेव्हा पुढे काय वापरायचं, हे गोळी घेतानाच ठरवावं.

आता तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठ्या वाचते.

"पुन्हा मूल होईल का?" हो. नीट झालेल्या गर्भपाताने पुढच्या गर्भधारणेला बाधा येत नाही.

"बाईला नंतर पस्तावा होतो का?" बऱ्याच जणींना हायसं वाटतं. काही रडतात. हायसं वाटून रडणाऱ्याही मी पाहिल्या आहेत. तिला काय वाटायला हवं, हे तिला सांगायला जाऊ नका. चहा करून द्या.

"मजहब काय म्हणतो?" फकिहांमध्ये यावर पूर्वीपासून मतभेद आहेत. काही १२० दिवसांची मर्यादा धरतात, काही ४० दिवसांची, काही सुरुवातीपासूनच मनाई मानतात, आणि कारण काय आहे यालाही वजन देतात. मी डॉक्टर आहे, मुफ्ती नाही. माझ्यासमोर बसलेल्या बाईने हा विचार बहुतेक वेळा माझ्याकडे येण्याआधीच चार रात्री जागून केलेला असतो, एवढं मी सांगू शकते.

"रोजे चालू असतील तर?" या रक्ताला हैज म्हणायचं की इस्तिहाजा, हे ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांना विचारा. डॉक्टर म्हणून माझं म्हणणं असं की, कळा आणि रक्त जोरात असताना उपाशी-तहानलेलं राहू नये, आणि लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

शेवटची चिठ्ठी, बिननावाची. "मैत्रिणीला घेऊन आले तर चालेल का? ती एकटी यायला घाबरते."

चालेल. शेवटच्या पाळीची तारीख लिहून आणा. सोनोग्राफी किंवा रक्ततपासणी आधी झाली असेल तर ते कागद आणा. चालू असलेल्या औषधांची पाकिटं आणा. दुपारी दोननंतर गर्दी कमी असते. लवकर या, दिवस मोजत बसू नका.