बांधकामाची नोटीस आणि सल्लागाराची निवड

गच्चीवर पत्र्याची शेड टाकली, बाल्कनी खोलीत घेतली, बंगल्यामागे एक खोली वाढवली, आणि एके दिवशी महापालिकेचा माणूस दारावर कागद डकवून गेला: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, कलम 53. मग पहिला फोन जातो नगरसेवकाला आणि दुसरा ‘आत आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्याला. ते दोघं ‘बघतो’ म्हणतात आणि इकडे मुदत संपते. म्हणून पहिला फोन करावा आर्किटेक्टला, आणि त्याच दिवशी दुसरा वकिलाला.

आर्किटेक्ट आधी, कारण वाद बहुधा मापांचा असतो. तो मंजूर नकाशा घेऊन जागेवर येईल, टेप लावेल आणि बांधकामाची तीन भागांत वर्गवारी करेल. काही कामांना परवानगी लागतच नाही. केवळ आतल्या बाजूच्या दुरुस्त्या साधारणपणे कलम 43 च्या सवलतीत बसतात. काही भाग चटई क्षेत्र शिल्लक असेल, सामासिक अंतर सुटत असेल, तर शुल्क भरून नियमित होऊ शकतो. उरलेला काढावाच लागतो. ‘सगळं नियमित करून देतो’ असं जागा न पाहताच कुणी सांगितलं, तर नियम कोणता, एवढं विचारा.

नियमित होण्याजोगा भाग असेल, तर कलम 53 च्या पोटकलम 3 प्रमाणे तो राखण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. मात्र तो नोटिशीत दिलेल्या मुदतीतच करायचा. अर्ज निकाली निघेपर्यंत नुसत्या नोटिशीने बांधकामाला बाध येत नाही, असं कायदाच सांगतो. परवानगी नाकारली गेली, तर 40 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

वकिलाचं काम तारखांपासून सुरू होतं. कायद्यात काही प्रकारांसाठी 24 तासांचीच पूर्वसूचना आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी उत्तरासाठी किमान 15 दिवस, समक्ष सुनावणी आणि पाडण्याच्या आदेशानंतर आणखी 15 दिवस देण्याचे निर्देश दिले. रस्ता, फुटपाथ, लोहमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिला असेल तिथेही नाही. शिवाय कलम 149 मुळे नेहमीच्या दिवाणी दाव्याची वाट अरुंद आहे. दाद कुठे मागायची, हे वकिलाने कागद वाचूनच ठरवावं.

‘आम्ही घरपट्टी भरतो, मग बांधकाम बेकायदा कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. कर वेगळा, परवानगी वेगळी. महापालिका अनधिकृत बांधकामावर दंडासह कर घेऊ शकते. त्या पावतीने ते अधिकृत होत नाही.

सल्लागाराकडे जाताना नोटीस आणि तिचा लिफाफा, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक सोबत न्या. काम सुरू असेल तर थांबवा. नोटिशीनंतर चढवलेली प्रत्येक वीट तुमची बाजू कमजोर करते. फी आणि कामाची व्याप्ती लेखी ठरवा. उत्तर आवक कक्षात देऊन शिक्क्याची पोच घ्या. उत्तर मुदतीत दिलं की नाही, हा प्रश्न सुनावणीत निघाला, तर तीच पोच दाखवता येईल.