वेलिंग्टनच्या संग्रहालयातली तमिळ घंटा

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. तिथं बंदराकाठी १९९८ साली उघडलेलं ‘ते पापा’ हे राष्ट्रीय संग्रहालय आहे. भूकंपाचे धक्के सोसावेत म्हणून ही अवाढव्य इमारत शिसं आणि रबराच्या आधारांवर उभी केली आहे. पण भारतीय माणसाचं मन गुंततं ते इथल्या संग्रहातल्या एका लहानशा, काठ तुटलेल्या काशाच्या घंटेत. तिच्यावर जुन्या तमिळ लिपीत, ही मोहिद्दीन बक्ष यांच्या जहाजाची घंटा, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे! १८३६ च्या सुमारास विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला ती दिसली, तेव्हा तिथल्या मूळच्या माओरी समाजातल्या बायका ती उलटी ठेवून तिच्यात बटाटे उकडत होत्या. ती न्यूझीलंडपर्यंत पोहोचली कशी, हे कोडं आजही सुटलेलं नाही. हिंदी महासागरातल्या आपल्या दर्यावर्दींचा इतका बोलका पुरावा इतक्या दूर क्वचितच सापडेल.

परदेशी पाहुण्यांना सप्टेंबर २०२४ पासून ‘ते पापा’त ३५ न्यूझीलंड डॉलरचं तिकीट आहे. याच शहरातल्या राष्ट्रीय ग्रंथालयात मात्र माओरी आणि ब्रिटिशांमधला १८४० चा वाइतांगी करार आणि स्त्रियांच्या मताधिकाराचा १८९३ चा अर्ज विनामूल्य पाहता येतात. तेही चुकवू नका.