जात्यावरचा इतिहास



बीड जिल्ह्यांत, गेवराई तालुक्यांत, उमापूर नांवाचें गांव आहे. तेथील एखाद्या वृद्ध स्त्रीस आपण 'तुम्हांला इतिहास ठाऊक आहे काय?' असें विचारलें, तर ती बहुधा शाळेंतल्या गुरुजींकडे बोट दाखवील. 'ओव्या येतात काय?' असें विचारा, म्हणजे ती बसावयास घोंगडी घालील. या दोन प्रश्नांत फारसें अंतर नाहीं, असें माझें आज म्हणणें आहे.

हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी प्वातवाँ या दांपत्यानें महाराष्ट्रांतील हजारांहून अधिक खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. संख्येपेक्षां मला मोठी वाटते ती त्यांची पद्धत. ओवी म्हणणाऱ्या बाईचें नांव, तिचें गांव, तिची जात, हें सारें त्यांनीं ओवीबरोबर टिपून ठेवलें. एरव्हीं अशी ओवी 'लोकांची' ठरते आणि जिच्या गळ्यांतून ती आली ती बाई अनामिक राहते. कवीचें नांव गाळून कोणीं कविता छापली असती, तर आपण विद्वान् मंडळींनीं केवढा गहजब केला असता!

१९९६ सालीं गेवराईच्या शेजारच्या माजलगांवीं, भीमनगर वस्तींत, दलित स्त्रियांच्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण झालें. गाणाऱ्यांत राधाबाई बोऱ्हाडे होत्या. जात्यावरची पहिली ओवी देवाची, असा रिवाज. या बायांनीं ती जागा बुद्धाला आणि भीमरावांना दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास झालेल्या धर्मांतराचे वृत्तांत ग्रंथांतरीं विपुल आहेत. पण त्या दीक्षेनें कित्येक कोस दूरच्या एका घरांत, पहांटेच्या अंधारांत, दळणाचा आरंभच बदलला, हें कोणत्या सरकारी दप्तरांतून कळणार होतें?

आतां काळ ध्यानीं घ्या. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें १९७८ च्या जुलैंत संमत केला, आणि मराठवाड्यांत ठिकठिकाणीं दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जळलीं, माणसें मारलीं गेलीं. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. माजलगांवचें ध्वनिमुद्रण त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं झालें. ज्या नांवावरून प्रांत पेटला होता, तें नांव या बाया जात्यापाशीं घरच्या माणसाच्या जिव्हाळ्यानें घेत होत्या.

कित्येक सज्जन म्हणतात, जुन्या जखमा उकरूं नयेत; गांवांत शांतता आहे ती राहूं द्यावी. मला हें पटत नाहीं. जेथें एका वस्तीला सारें आठवतें आणि दुसरी विसरल्याचा बहाणा करते, तेथील शांतता पुढच्या ठिणगीपर्यंतचीच. शिवाय त्याच संग्रहांत निरनिराळ्या जातींच्या बायांच्या ओव्या शेजारीं शेजारीं आहेत. माहेर, भाऊ, सासुरवास, लेकीची पाठवणी यांची व्यथा त्या सर्वांचीच. पाणवठा ज्यांचा वेगळा ठेवला, त्यांच्या ओवीची चाल मात्र वेगळी ठेवतां आली नाहीं.

संशोधकाचें कर्तव्य टिपणाशीं संपत नाहीं. गांवांतून नेलेलें गांवाला परत मिळालें पाहिजे. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें २०१७ पासून हा संग्रह महाजालावर सर्वांस खुला करण्यास आरंभ केला, ही म्हणूनच समाधानाची गोष्ट आहे.

पिठाची गिरणी आली आणि जातें कोपऱ्यांत गेलें. बायांचे कष्ट वांचले, हें उत्तमच झालें. पण हातीं खुंटा नसला कीं ओवी आठवेनाशी होते. तेव्हां उमापुरासारख्या गांवीं शाळेच्या मुलांनीं या सुटींत आजीला जात्यापाशीं बसवावें आणि तिची ओवी मोबाइलवर मुद्रित करावी. सर्व वस्त्यांतून जावें. आधीं तिची परवानगी घ्यावी, तिचें नांव तिला विचारूनच लिहावें, आणि पहिली प्रत तिच्या घरीं पोंचवावी.